दुसरी किल्ली कुणाकडे होती?

मा. निर्माते, दिग्दर्शक आणि लेखक (पडद्यावर लेखक म्हणून तीन नावं आली, तेव्हा तिघांनाही) यांस,

स. न. वि. वि.

गेल्या बुधवारी पावणेबाराच्या खेळाला ठाण्यात आम्ही अकरा जणांनी तुमचा सिनेमा पाहिला. आम्ही म्हणजे तलावपाळीला रोज सकाळी फेऱ्या मारणारा आणि फेऱ्यांपेक्षा जास्त वेळ बाकावर बसणारा ज्येष्ठांचा कट्टा. अकरांत वयाने सगळ्यात धाकटी मी, ६७ ची. थोरले नाना, ८१. मी एका बँकेतून निवृत्त झाले आणि नोकरीची शेवटची नऊ वर्षं लॉकर माझ्या ताब्यात होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण तुमचा सिनेमा लॉकर फोडण्यावर आहे आणि त्याबद्दल मी पुढे जरा लांबण लावणार आहे.

सिनेमाचं नाव या पत्रात लिहिणार नाही. त्यात काम केलेल्या चौघांनी आम्हाला चाळीस-पन्नास वर्षं जे दिलं, त्यापुढे तुमचे अडीच तास म्हणजे किस झाड की पत्ती. उद्या कुणी त्यांचं नाव गुगलवर टाकलं आणि माझी कुरकुर वर आली तर मलाच झोप लागायची नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मराठी प्रेक्षक थिएटरकडे फिरकत नाही, अशी हाकाटी नेहमी कानावर येते. आम्ही फिरकलो. चार रिक्षा करून हायवेवरच्या मॉलपर्यंत गेलो. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत, तिला धरून सरकत्या जिन्यावर चढवलं. दारात चहाचा थर्मास काढून घेतला, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मात्र पर्सच्या तळाशी होता म्हणून वाचला. मध्यंतरात पॉपकॉर्नचा भाव ऐकून नाना म्हणाले, "एवढ्यात मामलेदारची मिसळ चौघांची झाली असती, वर ताकसुद्धा." तरी घेतलं. मुद्दा एवढाच, की आम्ही नावं ठेवायला गेलो नव्हतो. पोस्टरवर ते चार चेहरे पाहिले आणि लग्नाला निघावं तशी तयारी करून गेलो होतो.

गोष्टही कागदावर छान आहे हो. निवृत्त मास्तर, एसटीचे ड्रायव्हर, नर्सबाई आणि कोर्टासमोर बसणारे टायपिस्ट. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत चौघं राहतात. ज्या संस्थेत आयुष्यभराची पुंजी ठेवली तिचा अध्यक्ष ती पुंजी गिळतो आणि त्याचं घबाड म्हणे एका लॉकरमध्ये आहे. चौघं ठरवतात, की आपणच तो लॉकर फोडायचा. पहिल्या पंधरा मिनिटांत आम्ही खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो. ठाण्यात असं घर शोधून सापडणार नाही, जिथे सख्ख्या-चुलत कुणाचे तरी पैसे कुठे ना कुठे अडकलेले नाहीत. (तुमची ती संस्था एका प्रसंगात बँक आहे, दुसऱ्यात पतपेढी. हा फरक लहान नाही. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत, त्याआधी १ लाख होता. पतपेढीतल्या ठेवीला तो नसतो. म्हणजे चौघांना चोरी करायची गरज पडली की नाही, हेच तुमच्या त्या एका शब्दावर अवलंबून आहे. तीन लेखकांपैकी एकाने तरी एक फोन करायचा होता.)

पंधरा मिनिटं संपली आणि गुडघे सुरू झाले.

मास्तर उठतात, गुडघा वाजतो. ड्रायव्हर वाकतात, कंबर धरते. नर्सबाई शिंकतात, कवळी उडून वरणात पडते. टायपिस्टना "चावी" ऐकू येत नाही, "बावी" ऐकू येतं, पुढे "दावी", मग "भावी". पाळत ठेवायला गेल्यावर एकाला लघवीला लागते. पुन्हा लागते. नाना बोटांवर मोजत होते. गुडघे ९, कवळी ६, कान ५, लघवी ४, आणि मोबाईल उलटा धरण्याचे ३. आमच्यातले तिघे कानाला मशीन लावतात. तुमचं पार्श्वसंगीत इतकं दणदणत होतं, की दोघांनी मध्यंतरानंतर मशीन बंद करून टाकलं. बाहेर आल्यावर सगळ्यात जास्त सिनेमा त्यांनाच आवडलेला.

आम्हाला म्हातारपणावरचे विनोद चालत नाहीत, असा समज करून घेऊ नका. आमच्या बाकावर रोज सकाळी जे चालतं ते तुम्ही सेन्सॉरकडून सोडवून आणू शकणार नाही. गुडघ्यावरचा विनोद आम्हाला पाठ आहे, इतकंच. तो आमचा रोजचा चहा आहे, त्यासाठी तिकीट काढून कोण येतं?

आता एक चांगलं सांगते. सगळ्या पत्रात हे एकदाच येईल, तेव्हा नीट वाचा.

चोरीच्या आदल्या रात्री ड्रायव्हर घरी एकटे आहेत. ते कपाटातून जुना खाकी शर्ट काढतात. घालून बघतात, तर पोटावरचं बटण लागत नाही. ओढूनताणून बघत नाहीत, नुसते उभे राहतात. भिंतीवर खिळ्याला एक बांगडी टांगलेली आहे आणि बांगडीत चार-पाच सेफ्टी पिना. बायको गेली आहे हे सिनेमात तोवर कुणी बोललेलं नाही, पण ती बांगडी पाहिल्यावर सांगायला कशाला हवं? आमच्या रांगेतल्या सातही बायकांच्या हातात तेव्हा पिना होत्या. ते एक पिन काढतात, शर्टाला आतून लावतात, बांगडी पुन्हा खिळ्याला अडकवतात आणि ती हलते ती बोटाने थांबवतात. मग आरशासमोर पोट आत घेतात. संपूर्ण थिएटर आधी गप्प होतं आणि मग खो खो हसलं. एक शब्द नाही. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

आणि लगेच तुमचा तो शेजारचा पोरगा दारातून डोकावून ओरडतो, "आजोबा, पोट!" आणि ढिंगचॅक संगीत. अहो, कशाला? आम्ही हसून झालो होतो. हसलेल्या माणसाला पुन्हा गुदगुल्या केल्या की तो चिडतो.

त्या पिनवरून मला गडकरी आठवलं. गडकरी रंगायतन उघडलं १९७८ मध्ये, आणि मी नोकरीला लागले १९८० ला. पहिल्या पगारापासून बाल्कनीचं तिकीट परवडायला लागलं. तुमच्या सिनेमात ज्या नर्सबाई आहेत त्यांना मी तिथे एका नाटकात पाहिलं आहे. दुसऱ्या अंकात टेलिफोन वाजायचा होता, तो वाजला नाही. विंगेत काहीतरी गोंधळ. बाई फोनकडे बघत राहिल्या. पदर सारखा केला. पुन्हा बघितलं. मग प्रेक्षकांकडे न बघता, फोनलाच, अगदी काळजीने म्हणाल्या, "बरा आहेस ना?" नाट्यगृह पुढची दोन मिनिटं शांत होईना. ही त्या बाईंची ताकद. त्यांना तुम्ही वरणातली कवळी दिलीत.

आता लॉकर. थोडं सविस्तर सांगते, कारण यात तुमचा अर्धा सिनेमा फुकट पडून होता.

तुमच्या सिनेमात मास्तर कानाला डॉक्टरची नळी लावतात, चकती फिरवतात, टकटक ऐकतात आणि लॉकर उघडतो. आत सोन्याच्या बिस्किटांचा ढीग, वर हिरे. महाराज, बँकेच्या लॉकरला चकती नसते. दोन किल्ल्या असतात. एक ग्राहकाची, एक बँकेची. ग्राहक आला की रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही करतो. मी त्याच्याबरोबर आत जायचे, आधी माझी किल्ली लावून फिरवायची, मग त्याने त्याची. मी बाहेर. नुसत्या माझ्या किल्लीने लॉकर उघडत नाही, नुसत्या त्याच्यानेही नाही. ग्राहकाने किल्ली हरवली तर कंपनीचा माणूस बोलवून, ग्राहकासमोर, ड्रिल मारून दार उघडावं लागतं आणि नव्या कुलपाचा खर्च त्याच्या माथी. संध्याकाळी बंद करताना मी एकेक दार दाबून बघायचे, कुणी उघडं टाकून गेलं नाही ना, खाली काही सांडलं नाही ना. कानातलं फिरकी नसलेलं, देवाचा टाक, एकदा चक्क पंचवीस हजारांची पुरचुंडी. आणि स्ट्राँगरूमच्या दारालाही दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे. एक जण रजेवर गेला की रीतसर चार्ज द्यायचा. म्हणजे बँकेत एकट्या माणसाच्या प्रामाणिकपणावर काही ठेवत नाहीत. दोघांचा लागतो.

यात विनोद दिसत नाही तुम्हाला? चार म्हातारे, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही, त्यांना दोन किल्ल्या एकाच वेळी एकाच कुलपात घालायच्या आहेत!

आणि आत काय असतं, तेही सांगते. हिरे मी एकदाही पाहिले नाहीत. (ग्राहकाच्या लॉकरमध्ये डोकावायचं नसतं, पण वारसांसमोर यादी करायची वेळ आली की बघावंच लागतं.) जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या पाटल्या, ठेवींच्या पावत्या, मृत्युपत्र, चांदीचा तांब्या-पेला, डांबरगोळ्या. एक गृहस्थ दर मंगळवारी यायचे. दहा मिनिटं आत, बाहेर येताना रुमालाने तोंड पुसत. आमच्यात त्यांच्यावर पैजा लागलेल्या. ते गेल्यावर मुलासमोर लॉकर उघडला. आत बायकोच्या हिरव्या काचेच्या बांगड्या आणि लिमलेटच्या गोळ्यांची अर्धी पिशवी. साखर होती त्यांना. घरी खाऊ देत नव्हते. मुलाने यादीवर सही केली, "गोळ्या, अंदाजे ४०", आणि तिथेच खाली बसला. हसत होता की रडत होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अजून एक, हे तर तुम्हाला सोन्याच्या ताटात वाढते. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यायचं नसतं. रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार लॉकरची चोरी किंवा दरोडा झाला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. भाडं २,००० असेल तर २ लाख. आत २ कोटींचं काळं सोनं असलं तरी. म्हणजे तुमच्या त्या अध्यक्षाचा लॉकर फुटला तर त्याने पोलिसांत काय सांगायचं? काय गेलं ते सांगितलं तर कुठून आणलं ते सांगावं लागणार. न सांगावं तर गेलंच. ज्याच्याकडे चोरी झाली तोच तोंड दाबून बसलाय आणि चार म्हातारे रोज सकाळी त्याच्यासमोरून फेऱ्या मारताना "काय अध्यक्षसाहेब, बरं आहे ना?" विचारतायत. हा प्रसंग मला त्या चौघांच्या तोंडून बघायचा होता. तुम्ही तिथे त्याला चिखलात पाडलंत.

पाठलागाबद्दल एक शब्द. संध्याकाळचे सात. घोडबंदर रोड. उघड्या टपाची लाल गाडी सुसाट पळते आहे आणि मागे पोलीस. इथे थिएटरमध्ये सगळ्यात मोठा हशा झाला, पण तो तुमच्या लेखणीचा नव्हता. संध्याकाळी सातला घोडबंदर रोडवर गाडी पळते, हे पाहून अख्खं ठाणं हसलं. पुढच्या वळणावर ती तलावपाळीला निघाली आणि त्याच्या पुढच्या वळणावर थेट नवी मुंबईच्या पाम बीच रोडला. वाशीच्या माझ्या नणंदेला मी हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "मला तो रस्ता दाखवा, मी दर शनिवारी येईन."

तुम्ही म्हणाल, सिनेमा आहे, इतकं काटेकोर काय बघायचं? बघायचं, कारण गुन्ह्याच्या विनोदी गोष्टीत हसू येतं ते खरेपणातून. लंडनमध्ये २०१५ च्या ईस्टरच्या सुट्टीत हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेत तिजोऱ्या फुटल्या. खऱ्या. भिंतीला भोक पाडून आत शिरले होते. करणारे बहुतेक साठीच्या पुढचे आणि त्यांचा म्होरक्या ७६ वर्षांचा. तो चोरीला कशाने गेला माहिती आहे? बसने. दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचा ज्येष्ठांचा मोफत पास दाखवून. एकजण मधुमेही, त्याच्या सदुसष्टाव्या वाढदिवशी चोरीला आलेला. पहिल्या रात्री यंत्र बिघडलं. म्होरक्याने हे काही खरं नाही म्हणून घरची वाट धरली, बाकीच्यांनी नवीन सामान विकत आणून पुन्हा जाऊन काम तडीस नेलं. सगळे पुढे पकडले गेले. त्यावर तिकडे सिनेमेही निघाले. यातलं एक अक्षरही कुणी विनोद म्हणून लिहिलेलं नाही, पण तो पास आठवला की मला अजून हसू फुटतं.

आपल्याकडे तर त्याहून सोय. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला एसटी फुकट आहे. तुमचे ड्रायव्हर एसटीतले, नायक पंच्याहत्तरीचे, आणि पळून जायला तुम्ही त्यांना लाल गाडी दिलीत! वंदना स्टँडवरून जी मिळेल ती एसटी पकडायची. कंडक्टर आधार कार्ड बघणार, शून्य रुपयाचं तिकीट फाडणार, आणि तेच तिकीट उद्या कोर्टात पुरावा. सगळा शेवटचा भाग त्यात आहे. पोलीस मागे नकोत, गाडी नको, कंडक्टर जुना ओळखीचा निघाला की झालं.

आणि लंडनपर्यंत तरी कशाला जायचं? २०१७ च्या नोव्हेंबरात जुईनगरला सेक्टर ११ मध्ये चोरांनी बँकेच्या जवळचा गाळा भाड्याने घेतला, काही महिने दुकान चालवलं आणि खालून भुयार खणून थेट लॉकरच्या खोलीत निघाले. सुट्टीला लागून तीसेक लॉकर फोडले. ज्यांचे गेले त्यांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या सिनेमात चौघं अध्यक्षाच्या शेजारचे सहा लॉकर चुकून फोडतात आणि त्या सहा घरांचं पुढे काय झालं याचा कुणी उच्चारही करत नाही, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. पण जुईनगरच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत काय झालं ते सांगते. शिपाईमामा झाडूच्या दांड्याने लॉकररूमची एकेक फरशी ठोकत होते आणि आम्ही तिघी अधिकारी कान लावून ऐकत होतो, पोकळ वाजते का. एका फरशीवर मामा थांबले. पुन्हा ठोकली. सगळ्यांचे चेहरे पांढरे. खालून आवाज आला, "अरे कोण आहे रे वर?" तळघरात टेलरचं दुकान होतं, आम्ही बारा वर्षं तिथे कपडे शिवायला टाकत होतो आणि त्या मिनिटाला एकीलाही आठवलं नाही.

हे सगळं सोडा. तुम्ही जे हातचं घालवलंत त्यात मला सगळ्यात लागलं ते वेगळंच.

निवृत्तीनंतर पाचेक वर्षांनी, लॉकरचे नवे करारनामे करायची धावपळ चालू होती तेव्हा, मी माझ्याच जुन्या शाखेत गेले. ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टँप पेपर. रक्षकाने दार उघडून धरलं. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "आजी, बसा." मी बसले नाही, सवयीने आत गेले. उजवीकडे वळून, पॅसेजमधून, स्ट्राँगरूमच्या दारापर्यंत. दार उघडं. टेबलावर रजिस्टर, रजिस्टरवर चष्मा, शेजारी किल्ल्यांचा जुडगा आणि माणूस नाही. मी तिथे किती वेळ उभी होते? समोर घड्याळ होतं, सात मिनिटं. या सात मिनिटांत तीन जण माझ्या अंगावरून गेले. एकाने "सॉरी आजी" म्हटलं. कुणी विचारलं नाही, बाई तुम्ही कोण, इथे काय करता. शेवटी चहा पिऊन आलेल्या मुलाला मीच झापलं, तर तो म्हणाला, "आजी, टॉयलेट त्या बाजूला."

घरी येऊन मी आधी चिडले, मग बराच वेळ एकटीच हसत बसले. कारण माझ्या लक्षात आलं, की मला आता दिसेनासं होता येतं. कशाचीही गरज नाही. कापडी पिशवी आणि पांढरे केस. रांगेत, स्टेशनवर, मॉलमध्ये, स्वतःच्या घरात सुद्धा कधीकधी. आमच्या कट्ट्यावरच्या कुणालाही विचारा. आमच्याकडे बघतात, पण आम्ही दिसत नाही. चोराला आणखी काय लागतं?

तुमची गोष्ट इथे होती. गुडघ्यात नव्हती. चौघांना बुरखे घातलेत तुम्ही, काळे बुरखे! त्यांना उघड्या तोंडाने, भरदिवसा, सगळ्यांना नमस्कार करत जाऊ द्यायचं होतं. जगाने त्यांना आधीच पुसून टाकलंय आणि त्याचाच ते फायदा घेतायत, हे करायला त्या चौघांपेक्षा चांगले नट तुम्हाला मिळणार होते का? पदर सारखा करून नर्सबाई रक्षकाला नुसतं "बरा आहेस ना?" म्हणाल्या असत्या, तर तो किल्ली काढून देता.

म्हाताऱ्यांना घेऊन हे जमत नाही, असंही नाही. 'व्हिक्टोरिया नंबर २०३' मी वडिलांबरोबर पाहिला, १९७२ चा. अशोककुमार तेव्हा ६१ चे, प्राण ५२ चे, दोघं तुरुंगातून सुटलेले चोर, आणि हिऱ्यांचा मामला. वडील हसून हसून खुर्चीवरून घसरलेले मी फक्त तेव्हा पाहिलेत. त्या दोघांचं वय कुणी विनोदाला वापरलं नव्हतं, मुरलेपण वापरलं होतं. आणि आपल्या 'धुमधडाका'त, १९८५ ला, अशोक सराफांची ती "व्याख्या विख्खी वुख्खू" सगळ्यांना आठवते. पण समोर शरद तळवलकर आहेत हे विसरून चालणार नाही. पासष्टी उलटलेले तळवलकर त्या भामट्यावर मनापासून विश्वास ठेवतात, पाहुणचार करतात, हरखून जातात. ते जराही "मी विनोदी आहे" असं करत नाहीत. त्यांनी विश्वास ठेवला म्हणून आपण हसलो. तुमच्या सिनेमात प्रत्येक जण दर वाक्याला कॅमेऱ्याकडे बघून डोळे मोठे करतोय. त्यांनी आपणहून केलं असेल यावर माझा विश्वास नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून केलं. ज्यांनी आयुष्यभर हसवलं त्यांना "सर, थोडं मोठं करा ना" असं सेटवर कुणीतरी म्हटलं असणार, आणि त्यांनी मान डोलावली असणार. या वयात काम मिळतंय तर नाही कशाला म्हणा. तो विचार सिनेमाभर माझी पाठ सोडेना.

लॉकरच्या भाषेत सांगायचं तर ग्राहकाने आपली किल्ली बरोबर आणली होती. चौघांनीही. बँकेची किल्ली तुमच्याकडे होती.

पैसे परत मागत नाही. पण एक विनंती आहे. पुढच्या सिनेमाची जुळवाजुळव सुरू कराल तेव्हा तिन्ही लेखकांना एकदा तलावपाळीला पाठवा. सकाळी साडेसहा ते आठ आम्ही गडकरीच्या बाजूच्या बाकांवर असतो. वही आणा, मोबाईल नको. लाडू आम्ही आणू. लॉकर कसा उघडतो ते मी सांगेन, एसटीचं नानांना विचारा, ते निवृत्त कंडक्टर आहेत, आणि गुडघ्यावरचे विनोद ज्यांना हवे असतील त्यांच्यासाठी आमच्याकडे बरेच चांगले आहेत. स्ट्राँगरूमच्या दाराशी नेमकं काय पाहिलं त्याचा तपशील मात्र मागू नका. तो मी शाखेच्या मॅनेजरना लेखी कळवला होता. उत्तर यायचं आहे.

आपली नम्र,
कट्ट्यावरची धाकटी,
नौपाडा, ठाणे

ता. क. बांगडीतल्या पिनची कल्पना कुणाची होती? तिघा लेखकांपैकी एकाची असेल तर त्याने एकट्याने आलं तरी चालेल. आणि ती त्या नटाने सेटवर आयत्या वेळी केलेली असेल, अशी मला दाट शंका आहे, तर त्यांना आमच्या सात बायकांचा नमस्कार सांगा.